दाबोळीचा नौदल हवाई तळ आणि गोव्यातलं हवाई मुख्यालय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वास्को, चिखली, बोगमाळो भागातल्या मराठी वाचकांकडून, शाळांमधल्या शिक्षकांकडून आणि दाबोळीला नोकरी केलेल्या नौसैनिकांच्या मुलानातवंडांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. साधे प्रश्न आधी आहेत, गुंत्याचे नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगण्याऐवजी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आयएनएस हंसा हे जहाज आहे की विमानतळ?

विमानतळच आहे. मुरगाव तालुक्यातल्या दाबोळीच्या पठारावर नौदलाचा जो हवाई तळ आहे, त्याचं नाव आयएनएस हंसा. किनाऱ्यावरच्या तळांनाही जहाजासारखं नाव द्यायचं आणि जहाजासारखंच सेवेत दाखल करायचं, अशी नौदलाची पद्धत आहे. त्यामुळे कोचीचा हवाई तळ गरुड, विशाखापट्टणमचा डेगा, तमिळनाडूतल्या अरक्कोणमचा राजाली आणि आपला हंसा. आपण ज्या दाबोळी विमानतळावरून मुंबईला जातो, त्याची धावपट्टी याच तळाची आहे (प्रश्न १४ पाहा).

२. गोव्यात नौदलाची वेगळी कमांड आहे का? इथल्या मुख्यालयाचं काम काय?

वेगळी कमांड नाही. नौदलाच्या कमांड तीन: मुंबईची पश्चिम, विशाखापट्टणमची पूर्व आणि कोचीची दक्षिण. अंदमान-निकोबारची कमांड तिन्ही दलांची मिळून आहे. गोवा पश्चिम कमांडच्या हद्दीत येतो.

तरीही गोव्याचं स्थान वेगळं आहे, कारण नौदलाच्या हवाई शाखेचं मुख्यालय इथे आहे. रिअर ॲडमिरल दर्जाचा एकच अधिकारी इथे दोन पदं सांभाळतो. फ्लॅग ऑफिसर गोवा एरिया म्हणून गोव्यातल्या नौदलाच्या कारभाराची जबाबदारी त्याच्याकडे असते. फ्लॅग ऑफिसर नेव्हल एव्हिएशन म्हणून देशभरातल्या नौदल उड्डाणाचा दर्जा, सराव आणि सुरक्षितता त्याने पाहायची. एखाद्या विमानाने उद्या कुठे जाऊन काय शोधायचं हा हुकूम त्या त्या कमांडचा असतो. पण ते विमान आणि त्यातली माणसं त्या कामाला लायक आहेत ना, ही काळजी गोव्याची. बातम्यांमध्ये ‘गोवा कमांड’ असं छापून येतं, ते चुकीचं आहे.

३. हवाई दल असताना नौदलाला स्वतःची विमानं कशाला लागली? सुरुवात कधी झाली?

जहाजावरून क्षितिजापर्यंतच दिसतं आणि समुद्रावर क्षितिज फार जवळ असतं. शत्रूचं जहाज किंवा पाणबुडी त्यापलीकडे शोधायची तर वरून पाहणारा डोळा ताफ्यासोबतच हवा. ताफ्याची चाल, पाणबुडीची लपण्याची पद्धत, पाण्याच्या थरांमुळे आवाज कसा वळतो हे सगळं त्या वैमानिकाला ठाऊक पाहिजे. म्हणून हे काम नौदलाच्या माणसांनीच करावं, हा विचार स्वातंत्र्यानंतर लगेचच पुढे आला. १९४८ मध्ये नौदलाच्या मुख्यालयात हवाई विभाग स्थापन झाला. १९५३ मध्ये पाण्यावरही उतरू शकणारी सीलँड विमानं आली आणि त्याच वर्षी ११ मे रोजी कोचीला आयएनएस गरुड सेवेत दाखल झाला. म्हणजे नौदलाची हवाई शाखा जन्मली कोचीत. तिचं लढाऊ अंग वाढलं ते गोव्यात.

४. दाबोळीची धावपट्टी कुणी बांधली?

पोर्तुगिजांनी. १९५५ मध्ये हा विमानतळ सुरू झाला आणि त्याला तेव्हाचे गव्हर्नर जनरल बेनार गेदिश यांचं नाव दिलं गेलं. त्या काळाची परिस्थिती लक्षात घेतली तर घाई का होती ते कळतं. गोवामुक्तीचं आंदोलन जोरात होतं, १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहावर गोळीबार झाला आणि भारताने सीमा आवळल्या. रेल्वे आणि रस्ते बंद झाल्यावर पोर्तुगीज सत्तेला बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या दोनच वाटा उरल्या, समुद्र आणि आकाश. टीएआयपी ही पोर्तुगीज भारताची विमान कंपनी दाबोळीहून दमण, दीव आणि कराचीला विमानं नेत असे, पुढे लिस्बनपर्यंतही.

५. १८ डिसेंबर १९६१ ला दाबोळीवर नेमकं काय झालं?

गोवामुक्तीसाठीच्या ऑपरेशन विजयची ती पहिली सकाळ. हवाई दलाच्या १२ कॅनबेरा बॉम्बफेकी विमानांनी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली दाबोळीच्या धावपट्टीवर हल्ला केला. काही मिनिटांत सुमारे ६३ हजार पौंड वजनाचे बॉम्ब टाकले गेले. त्यानंतर विंग कमांडर सुरिंदर सिंग यांच्या ८ कॅनबेरांनी दुसरा हल्ला केला. बेळगावजवळच्या सांबऱ्याहून निघालेल्या हंटर विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र निकामी केलं.

वैमानिकांना स्पष्ट सूचना होती की मारा धावपट्टीवरच करायचा, विमानतळाच्या इमारतींना हात लावायचा नाही. ती पाळली गेली. मला हा सगळ्यात महत्त्वाचा तपशील वाटतो. हा तळ उद्या आपल्यालाच वापरायचा आहे, आणि आजूबाजूची गावं आपल्याच माणसांची आहेत, हे हल्ला आखणाऱ्यांच्या डोक्यात पक्कं होतं.

समुद्राच्या बाजूने त्याच दिवशी मुरगावच्या बंदरात बेतवा आणि बियास या फ्रिगेट प्रकारच्या युद्धनौकांनी अफोन्सो द आल्बुकेर्क या पोर्तुगीज युद्धनौकेला निकामी केलं. अंजदीव बेटावर उतरताना आपल्या ७ नौसैनिकांना प्राण गमवावे लागले. १९ तारखेच्या संध्याकाळी गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली.

६. धावपट्टी फोडली असतानाही दोन विमानं रात्री निसटली म्हणतात. खरं आहे?

खरं आहे. पार्किंगमध्ये एक सुपर कॉन्स्टेलेशन आणि टीएआयपीचं चार इंजिनांचं एक डग्लस विमान उभं होतं. इमारतींना धक्का लावायचा नव्हता, त्यामुळे त्यांच्या शेजारची ही विमानंही वाचली. १८ च्या रात्री पोर्तुगिजांनी खड्डे जमतील तसे बुजवून धावपट्टीचा काही भाग वापरण्याजोगा केला, काही अधिकाऱ्यांची कुटुंबं विमानांत बसवली आणि उरलेल्या आखूड पट्ट्यावरून अंधारात दोन्ही विमानं उडवून कराचीला नेली. काँक्रीटच्या धावपट्टीला बॉम्बने भगदाड पडतं, पण ती कायमची बाद करणं अवघड असतं. दुरुस्तीची माणसं आणि माती हाताशी असेल तर काही तासांत वाट निघते. जगभर युद्धात हे दिसलं आहे, दाबोळीलाही तेच दिसलं.

७. विक्रांतच्या विमानांनी गोव्यावर बॉम्ब टाकले होते का?

नाही. विक्रांत ही विमानवाहू नौका ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टला सेवेत दाखल झाली आणि ३ नोव्हेंबरला मुंबईत पोहोचली. गोव्याच्या कारवाईत ती किनाऱ्यापासून साधारण १२० किलोमीटरवर उभी होती. बाहेरून कुणी मध्ये पडू नये आणि गरज लागली तर मदत मिळावी, यासाठी. जमिनीवरचे हवाई हल्ले हवाई दलाचे होते (प्रश्न ५ पाहा). शाळेच्या भाषणांमध्ये ही चूक फार वेळा ऐकू येते, म्हणून मुद्दाम सांगतो.

८. हंसा आधी तमिळनाडूत होता असं वाचलं. मग गोव्यात कसा आला?

विक्रांतसाठी घेतलेली विमानं, म्हणजे इंग्लंडची सी हॉक जेट लढाऊ विमानं आणि फ्रान्सची पाणबुडीविरोधी अलिझे, नौका बंदरात असताना ठेवायची कुठे, हा प्रश्न होता. बंदरात उभ्या असलेल्या नौकेवरून त्यांना नेहमीचा सराव करता येत नाही. म्हणून नौका बंदराजवळ आली की विमानं आधीच उडून किनाऱ्यावरच्या तळावर जातात आणि नौका निघाली की पुन्हा समुद्रावर जाऊन तिला गाठतात. त्यासाठी ५ सप्टेंबर १९६१ रोजी कोइम्बतूरजवळ सुलूरला आयएनएस हंसा सेवेत दाखल झाला.

सुलूर समुद्रापासून आत आहे. गोवा मुक्त झाला आणि थेट अरबी समुद्राच्या काठावर, मुंबई आणि कोची यांच्या मध्ये, पठारावरची तयार धावपट्टी हाती आली. १९६२ च्या एप्रिलमध्ये लष्करी गव्हर्नर मेजर जनरल के. पी. कँडेथ यांनी दाबोळी नौदलाच्या ताब्यात दिली. १९६४ च्या जूनमध्ये हंसा सुलूरहून इथे आला, नावासकट.

तेव्हापासून विमानवाहू नौकेवरच्या लढाऊ विमानांचं किनाऱ्यावरचं घर म्हणजे दाबोळी. सी हॉक, सी हॅरियर, मिग-२९के, सगळी इथलीच.

९. १९६५ आणि १९७१ च्या युद्धात दाबोळीच्या स्क्वाड्रननी (विमानांच्या तुकड्यांनी) काय केलं?

१९६५ मध्ये विक्रांत मुंबईत दुरुस्तीसाठी होती, त्यामुळे तिच्या विमानांना समुद्रावरून लढण्याची संधीच मिळाली नाही.

१९७१ ची गोष्ट वेगळी. विक्रांतचा एक बॉयलर तडा गेल्याने बंद होता आणि तिचा वेग कमी पडत होता. डेकवरून विमान उडवायला समोरून जोराचा वारा लागतो आणि तो नौकेच्या वेगानेच मिळतो, म्हणजे अडचण लहान नव्हती. तरी तिला बंगालच्या उपसागरात पाठवलं. ४ डिसेंबरपासून सी हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले, अलिझेंनी बंदरं आणि जहाजं लक्ष्य केली. पूर्व पाकिस्तानची समुद्राकडची वाट बंद झाली. ३०० क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता यांना महावीर चक्र मिळालं. पश्चिमेच्या समुद्रावर मात्र १० डिसेंबरला पाकिस्तानी लढाऊ विमानाने आपलं एक अलिझे पाडलं, त्यातले तिघेही परतले नाहीत. लढाई पूर्वेच्या समुद्रात झाली खरी, पण सी हॉक आणि अलिझे या दोन्ही स्क्वाड्रनचा तळ दाबोळीच होता.

१०. लांब पल्ल्याची समुद्री टेहळणी आधी हवाई दलाकडे होती का? ती नौदलाकडे कधी आली?

हो. गोव्याच्या दृष्टीने हा या इतिहासातला सर्वांत मोठा टप्पा आहे, आणि याच्याबद्दल सर्वांत कमी लोक विचारतात.

स्वातंत्र्यानंतर समुद्रावर लांबवर नजर ठेवण्याचं काम हवाई दलाच्या ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे होतं. पुण्याच्या या स्क्वाड्रनकडे दुसऱ्या महायुद्धातली लिबरेटर विमानं होती. ती १९६८ पर्यंत चालली. त्यांच्या जोडीला आणि नंतर त्यांच्या जागी एअर इंडियाने वापरलेली सुपर कॉन्स्टेलेशन आली. चार पंख्यांची, माशासारख्या निमुळत्या वळणाची, तीन शेपट्यांची ती विमानं जुनी होती, पण तासन्‌तास हवेत राहायची. टेहळणीला तोच गुण लागतो.

नौदलाचं म्हणणं असं होतं की ज्या ताफ्याला माहिती हवी, ते विमान त्या ताफ्याच्याच हाताखाली असावं. पाणबुडी दिसली तर ती काही मिनिटांत पुन्हा गायब होते. तेवढ्यात एका दलाने दुसऱ्याला विनंती करायची, तिथून होकार यायचा, मग संदेश जहाजाला जायचा, हे चालणार नाही. १९७१ च्या युद्धात खुकरी ही फ्रिगेट पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली. त्या अनुभवानंतर पाणबुडीविरोधी कामाचं गांभीर्य वेगळं सांगायची गरज उरली नव्हती.

१९७६ मध्ये सरकारने निर्णय घेतला आणि सुपर कॉन्स्टेलेशन नौदलाकडे आली. १८ नोव्हेंबर १९७६ रोजी दाबोळीला ३१२ क्रमांकाची स्क्वाड्रन सुरू झाली. तोवर दाबोळी ही विमानवाहू नौकेच्या विमानांची जागा होती. त्या दिवसापासून ती अरबी समुद्रावरची पहाऱ्याची जागाही झाली.

हवाई दलाने समुद्र पूर्ण सोडला असं मात्र नाही. ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला नंतर जहाजांवर हल्ला करणारी जग्वार विमानं मिळाली, आणि तंजावरला २०२० मध्ये ब्रह्मोस क्षेपणास्त्र वाहणाऱ्या सुखोई विमानांची स्क्वाड्रन उभी राहिली. समुद्रावर सतत नजर ठेवणं नौदलाचं काम, मोठा हल्ला दोघांचं.

११. आयएल-३८ कोणतं? बाबा त्यावर होते, फार ऐकलं आहे.

वास्को परिसरातल्या कित्येक घरांत या विमानाचं नाव घरातल्या माणसासारखं घेतात. आयएल-३८ हे सोव्हिएत बनावटीचं चार पंख्यांचं टेहळणी आणि पाणबुडीविरोधी विमान. ३१५ क्रमांकाची स्क्वाड्रन १ ऑक्टोबर १९७७ रोजी दाबोळीला सुरू झाली आणि ३१ ऑक्टोबर २०२३ ला शेवटचं विमान निवृत्त झालं. ४६ वर्षं!

१९८८ च्या नोव्हेंबरमध्ये मालदीवमध्ये बंड झालं, भाडोत्री सैनिक ओलिसांना घेऊन जहाजातून पळाले. त्यांचा माग काढायला नौदलाची टेहळणी विमानं होती आणि गोदावरी व बेतवा या युद्धनौकांनी ते जहाज अडवलं. पाणबुड्या शोधण्यासाठी घेतलेलं विमान तिथे पळालेलं एक जहाज शोधायला कामी आलं.

याच स्क्वाड्रनच्या रौप्यमहोत्सवाच्या दिवशी, १ ऑक्टोबर २००२ ला, दोन आयएल-३८ दाबोळीवर हवेत एकमेकांवर आदळली. दोन्ही विमानांतले मिळून १२ नौसैनिक गेले, खाली जमिनीवरचीही काही माणसं गेली. ज्यांच्या घरातलं माणूस त्या दिवशी गेलं, त्यांच्यापैकी काहींची पत्रं येतात. स्क्वाड्रनची ४६ वर्षांची कामगिरी सांगताना तो दिवस वगळणं मला योग्य वाटत नाही.

१२. ते प्रचंड मोठं रशियन विमान, टीयू-१४२, गोव्यात होतं की अरक्कोणमला?

दोन्हीकडे. सुपर कॉन्स्टेलेशन थकल्यावर ३१२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला १९८८ मध्ये टीयू-१४२ मिळाली आणि ती दाबोळीलाच आली. १९९२ मध्ये अरक्कोणमला आयएनएस राजाली सुरू झाल्यावर स्क्वाड्रन तिकडे गेली. २९ मार्च २०१७ ला ती विमानं निवृत्त झाली. १९८८ ते १९९२ दरम्यान गोव्यात राहिलेल्यांना त्यांचा आवाज अजून आठवतो, तो यामुळे.

१३. सी हॅरियर ते मिग-२९के: हा बदल कसा झाला? आणि धावपट्टीच्या टोकाला वर वळलेला तो उतार कसला?

पहिली तीन सी हॅरियर १६ डिसेंबर १९८३ रोजी दाबोळीला उतरली. सी हॉकच्या जागी आलेलं हे विमान आखूड डेकवरून उडायचं आणि परतताना हवेत थांबून सरळ खाली उतरायचं. विक्रांत आणि १९८७ मध्ये आलेली विराट, दोन्हीवर ते होतं. ११ मे २०१६ ला दाबोळीलाच सी हॅरियरला निरोप दिला गेला.

मिग-२९के ची पद्धत निराळी. ते उडताना पुढे वर वळलेल्या उतारावरून उडी घेतं, त्याला स्की-जंप म्हणतात. उतरताना शेपटीखालचा आकडा डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी तारेत अडकतो आणि विमान काही सेकंदांत थांबतं. ही विमानं १९ फेब्रुवारी २०१० ला गोव्यात नौदलात दाखल झाली, आणि ११ मे २०१३ ला ३०३ क्रमांकाची स्क्वाड्रन हंसावर उभी राहिली.

तुम्ही विचारलेला उतार म्हणजे हाच सराव जमिनीवर करण्यासाठी हंसावर बांधलेली चाचणी सुविधा. विमानवाहू नौकेच्या डेकची ती नक्कल आहे, उतारासकट आणि तारांसकट. चूक झाली तर बाजूला समुद्र नसून धावपट्टी आहे, एवढाच फरक. स्वदेशी तेजसच्या नौदल आवृत्तीने २० डिसेंबर २०१४ ला इथून पहिली उडी घेतली, तेव्हा विमान चालवत होते जयदीप मावळंकर. १३ सप्टेंबर २०१९ ला इथेच ते विमान तारेने अडवून उतरवलं गेलं. त्यानंतर चार महिन्यांनी, ११ जानेवारी २०२० ला, कमोडोर मावळंकरांनी ते विक्रमादित्य या विमानवाहू नौकेच्या डेकवर उतरवलं. फ्रान्सच्या रफाल-एमने २०२२ च्या सुरुवातीला इथल्याच उतारावर चाचणी दिली. नौदलासाठी २६ रफाल-एमचा करार २८ एप्रिल २०२५ ला झाला.

१४. दाबोळीला सकाळी प्रवासी विमानं का नसतात? विमानतळ आपला की नौदलाचा?

तळ आणि धावपट्टी नौदलाची. प्रवाशांची इमारत आणि तिच्यासमोरची विमानं उभी करायची जागा भारतीय विमानतळ प्राधिकरणाची. उतरणाऱ्या-उडणाऱ्या विमानांचं हवाई नियंत्रण नौदल पाहतं. सोमवार ते शुक्रवार साधारण सकाळी साडेआठ ते दुपारी एकपर्यंत धावपट्टी नौदलाच्या सरावासाठी राखून ठेवायची, हा वर्षानुवर्षांचा नियम आहे.

सराव चालू असताना मध्येच एखादं प्रवासी विमान का सोडत नाहीत, असा राग अनेकांच्या पत्रात असतो. त्याचं उत्तर सरावाच्या स्वरूपात आहे. डेकवर उतरणारा वैमानिक शेवटच्या क्षणी विमान हलकेच सावरत टेकवत नाही. ठरलेल्या कोनात, ठरलेल्या वेगात ते जवळजवळ आदळवतो, कारण त्याला काही मीटरांच्या पट्ट्यातली तार पकडायची असते. ही सवय अंगात मुरावी म्हणून तो एकामागून एक फेऱ्या मारतो: टेकायचं, लगेच उडायचं, वळसा घालायचा, पुन्हा टेकायचं. एका वेळी अशी तीनचार विमानं चक्रात असतात. त्यात वेगळ्या वेगाचं, लांबून सरळ येणारं प्रवासी विमान घुसलं की सगळं चक्र मोडतं. तास-दोन तासांचा सलग सराव हवाच. रात्री समुद्रात हलणाऱ्या डेकवर उतरण्याआधी वैमानिकाने तेच शंभरदा जमिनीवर केलेलं असावं, याला दुसरा पर्याय नाही.

उशिराच्या विमानामुळे होणारा त्रास मीही भोगला आहे. पण पर्यटकांची चार्टर विमानं येऊ लागली ती १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात. नौदल इथे १९६२ पासून आहे. पाहुणा कोण आणि यजमान कोण, याचा हिशेब करूनच तक्रार लिहावी.

१५. मोपा सुरू झालं. आता दाबोळी पूर्णपणे नौदलाकडे जाणार का?

पेडणे तालुक्यातल्या मोपा इथल्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ ला झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू झाली. विमानतळाला नाव दिलेले मनोहर पर्रीकर स्वतः संरक्षणमंत्री होते. दाबोळीचा प्रवासी विमानतळ चालूच राहील, असं राज्य आणि केंद्र सरकारने वेळोवेळी सांगितलं आहे, आणि तो चालू आहे. काही विमान कंपन्यांनी उड्डाणं मोपाला हलवली, ते त्यांच्या व्यवसायाचं गणित. नौदलाने कुणाला बाहेर काढलेलं नाही.

१६. सध्या हंसावर कोणकोणती विमानं आहेत?

लढाऊ मिग-२९के (प्रश्न १३). टेहळणीसाठी पी-८आय, ज्यांची ३१६ क्रमांकाची स्क्वाड्रन २९ मार्च २०२२ ला इथे सुरू झाली. आयएल-३८ चं काम आता त्यांच्याकडे. किनाऱ्याजवळच्या टेहळणीसाठी डॉर्नियर. पूर्वी अलिझे उडवणारी ३१० क्रमांकाची स्क्वाड्रन आता ती वापरते. हवेतून रडारने लांबवर पाहणारी कामोव्ह-३१ हेलिकॉप्टर. २०२१ पासून स्वदेशी प्रगत हलकी हेलिकॉप्टर, आणि डिसेंबर २०२५ मध्ये एमएच-६०आर हेलिकॉप्टरची ३३५ क्रमांकाची स्क्वाड्रन.

१७. पांढरी विमानं-हेलिकॉप्टर दिसतात, ती नौदलाचीच का?

पांढऱ्या रंगावर केशरी-निळा तिरका पट्टा असेल तर तटरक्षक दल. ते १९७८ च्या कायद्याने उभं राहिलेलं वेगळं दल आहे आणि त्याचीही गोव्यात हवाई सोय आहे. बुडणाऱ्या मच्छीमारांना उचलणं, तस्करी रोखणं, तेलगळती पाहणं ही त्यांची रोजची कामं. डॉर्नियर दोघांकडेही असल्यामुळे गोंधळ होतो, रंग पाहा.

१८. अपघात वारंवार होतात. आजूबाजूच्या गावांना धोका नाही का?

धोका शून्य आहे असं कुणीच म्हणू शकणार नाही. १६ नोव्हेंबर २०१९ ला एक मिग-२९के प्रशिक्षण विमान पक्ष्यांच्या थव्याला धडकून वेर्णाजवळच्या माळावर कोसळलं. वैमानिकांनी विमान वस्तीपासून दूर नेलं आणि मग बाहेर उडी घेतली, दोघेही वाचले. २०२० च्या फेब्रुवारीत आणि २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये मिग गोव्याजवळ समुद्रात पडले, वैमानिक सुखरूप सुटले.

पक्ष्यांच्या बाबतीत मात्र आपला हात आहे. उघड्यावरचा कचरा, मासळी-मटणाचे टाकून दिलेले तुकडे यांवर घारी आणि कावळे जमतात, आणि दाबोळीच्या पठारावर त्यांना घिरट्या घालायला चढता वारा आयता मिळतो. चिखली आणि दाबोळी परिसरातल्या प्रत्येक हॉटेलवाल्याने आणि घराने कचरा बंद पिशवीतून दिला तर वैमानिकाचा जीव वाचू शकतो. हे मी मनापासून लिहितो आहे.

१९. हे सगळं जवळून पाहायला मिळेल का?

बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं हवाई संग्रहालय आहे. १९९८ मध्ये ते सुरू झालं आणि सामान्यांना खुलं आहे. सीलँड, सी हॉक, अलिझे, सी हॅरियर अशी या पानावर आलेली बहुतेक जुनी विमानं तिथे उभी आहेत. मुलांना घेऊन गेलात तर दोन गोष्टी हात दाखवून सांगा. अलिझेचे पंख कुठे दुमडतात तो सांधा, कारण डेकवर जागाच नसते. आणि सी हॉकच्या शेपटीखालचा आकडा. मनगटाएवढ्या जाडीच्या त्या लोखंडावर धावत्या जेटचा सगळा भार यायचा. सुपर कॉन्स्टेलेशनही तिथे आहे. ती आधी एअर इंडियात, मग हवाई दलात, शेवटी नौदलात. प्रश्न १० चं उत्तर तिथे समोर उभं आहे.

तळाच्या आत सामान्यांना प्रवेश नाही. प्रवासी विमानात बसून किंवा कुंपणाबाहेरून लष्करी भागाचे फोटो काढू नका, त्याला कायद्याने बंदी आहे.

२०. घरात वडिलांचा दाबोळीचा जुना फोटो आहे, मागे विमान आहे. ते कोणतं आणि फोटो कधीचा, हे कसं कळेल?

शेपटीपासून सुरुवात करा. शेपटीला तीन उभे पंख असतील तर सुपर कॉन्स्टेलेशन. नौदलातला फोटो असेल तर तो १९७६ ते १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचा. शेपटीतून मागे लांब दांडा निघालेला, चार पंखे आणि पंखांचा जोड नाकाकडे बराच पुढे सरकलेला, तर आयएल-३८, म्हणजे ऑक्टोबर १९७७ नंतरचा.

नाकाला एकच पंखा, पोट फुगलेलं आणि तिघांची जागा असेल तर अलिझे. हे १९९१ पर्यंत होतं. लहानसं जेट, पण धूर सोडणारी नळी शेपटीत न दिसता पंखाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना असेल, तर ते सी हॉक, म्हणजे फोटो १९८३ नंतरचा नाही. पंखांच्या टोकांना छोटी आधारचाकं असतील तर सी हॅरियर, १९८३ नंतरचा. दोन वैमानिक शेजारी शेजारी बसलेले दिसले तर बहुधा किरण प्रशिक्षण विमान.

विमानाच्या अंगावर ‘आयएन’ अक्षरांनंतरचा क्रमांक वाचता आला तर ओळख आणखी पक्की होते, म्हणून फोटो स्कॅन करताना तो कोपरा कापू नका. फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने काही लिहिलेलं असेल तर त्याचाही स्कॅन करून ठेवा. त्या काळी तारीख आणि सोबत्यांची नावं तिथेच लिहायची पद्धत होती, आणि शाई पुसली तरी पेन्सिल बहुधा वाचता येते.